खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी जुनी फायबर बोट: आधी बॉडी बघावी की इंजिन?

खारा_वारा

एका मित्राला जुनी फायबरची बोट घ्यायची आहे. किनाऱ्यापासून 20-30 सागरी मैल आत जाऊन गळाने मासेमारी करायची, हा उद्देश. समोर दोन बोटी आहेत, दोन्ही साधारण 25 फुटी, दोन्हींच्या मागे एकेकच आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. पहिली 1970 च्या दशकातली: जड, जाड फायबरची, खोल व्ही आकाराच्या तळाची, पण इंजिन शेवटच्या घटका मोजतंय. दुसरी बरीच अलीकडची: हलकी, तळ जरा सपाट, मागे व्यवस्थित चालणारं फोर-स्ट्रोक इंजिन. दुसरीची किंमत अर्थातच जास्त.

माझं मत पहिलीच्या बाजूचं आहे. इंजिन चार बोल्ट काढून बदलता येतं, तळाचा आकार बदलता येत नाही. वारा वाढला, लाटा समोरून यायला लागल्या की परतीचा प्रवास कसा होणार हे तळाचा व्ही किती खोल आहे आणि बोट किती जड आहे यावर ठरतं. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात बोटींचे आराखडे करणाऱ्या रेमंड हंटने आखलेली 'मॉपी' ही बोट पहिली आली. त्याच खोल व्ही तळावरून पुढे फायबरची बर्ट्रम 31 ही बोट निघाली आणि आजही मासेमार ती शोधून घेतात, नवी इंजिनं बसवतात आणि वापरतात. याचं कारण फक्त तळ.

फायबर गंजत नाही आणि त्याला लाकूड पोखरणारी कीड लागत नाही. सुरुवातीच्या काळात या नव्या मालाच्या ताकदीचा पुरता अंदाज नव्हता, म्हणून बांधणारे थरावर थर चढवत. तो जाडपणा आज आपल्या कामाचा आहे. विरोधी मतं जरूर मांडा, मित्राचा निर्णय अजून व्हायचा आहे.

सुकाणू_घट्ट

पूर्ण असहमत.

फायबर कुजत नाही हे खरं, पण त्या काळच्या बोटी नुसत्या फायबरच्या नसतात. ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीत, प्लायवूड असतं. तळाला आतून आधार देणारे लांब स्ट्रिंगर बहुतेक वेळा लाकडावर फायबर चढवून केलेले असतात. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असतं. गेल्या 40-50 वर्षांत कुणी रॉड होल्डर बसवला, कुणी शिडी लावली, कुणी मासे शोधायच्या सोनार यंत्राचा सेन्सर स्क्रूने ठोकला. नीट सील न केलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत गेलंय आणि बाहेर यायला वाट नाही. वरून चकचकीत पॉलिश, आत काळा लगदा. कित्येक जुन्या बोटींची हीच अवस्था असते.

आणि 'चार बोल्ट काढून इंजिन बदलता येतं' हे फार सोपं करून सांगितलंत. त्या बोटीचा मागचा भाग हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या वजनासाठी आखलेला आहे. आजचं 150 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक 200 किलोच्या वर जातं. ते टांगलं की बोट मागून बसते, डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं पाण्याच्या पातळीला येतात आणि उभं राहिलं की पाणी उलटं आत शिरतं. म्हणजे इंजिनासोबत ट्रान्समही नवा करायचा, कदाचित उंचही करायचा. मग कंट्रोल, केबल, वायरिंग, इंधनाची लाइन. हा सगळा खर्च बोटीच्या किमतीच्या सहज वर जातो, आणि विकायला काढलीत तर त्यातला थोडाच परत मिळतो.

20 मैल आत इंजिन बंद पडलं तर तळाचा कोन कितीही सुंदर असो, बोट वाऱ्याला आडवी होते आणि वाहत जाते. दुसरी बोट घ्या.

गळकरी

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. गळ टाकणाऱ्याचा अर्धा दिवस बोट उभी असते किंवा प्रवाहाबरोबर सोडलेली असते. 24 अंशांचा व्ही (तळ आडव्या रेषेपासून जितका वर चढतो तो कोन) धावताना मऊ चालतो, पण थांबला की डोलतो. दोघं एका बाजूला मासा ओढायला आले की बोट कलते आणि नवख्या माणसाला तासाभरात मळमळायला लागतं. शिवाय तेवढ्या व्हीला वेग घेऊन पाण्यावर उचलायला ताकदही जास्त लागते, म्हणजे इंधन जास्त.

मागच्या टोकाला 18 ते 20 अंश असलेला तळ मला या कामासाठी जास्त योग्य वाटतो. नाळेकडे व्ही धारदार हवा, तिथेच लाट कापली जाते. रुंदीही बघा, फार अरुंद बोट उभी असताना त्रास देते. दुसऱ्या बोटीचा कोन नक्की किती आहे ते मोजा, 'जरा सपाट' एवढ्यावर तिला बाद करू नका.

खारा_वारा

@सुकाणू_घट्ट, ट्रान्समच्या वजनाचा मुद्दा रास्त आहे. पण कुजलेलं लाकूड शोधता येतं, आणि विकत घेण्याआधी शोधता येतं. प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम आणि डेक हळूहळू ठोकत जा. सुक्या जागी आवाज टणक येतो, ओल्या किंवा सुटलेल्या जागी बसका येतो. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर वजन टाका आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत हलली किंवा कोपऱ्यातल्या चिरा उघडल्या तर ती बोट सोडून द्या. संशय असेल तर मालकाच्या परवानगीने आतला एखादा खालचा स्क्रू काढा. भोकातून पाणी किंवा तपकिरी रस आला की वेगळा पुरावा नको. ट्रान्सम कुजला असेल तर मीही पहिली घ्या म्हणणार नाही. माझं म्हणणं आहे की बॉडी खणखणीत असलेली जुनी बोट मेलेल्या इंजिनासकट घेणं, हे चांगलं इंजिन लावलेली साधारण बोट घेण्यापेक्षा बरं.

@गळकरी, डोलण्याबद्दल मान्य. पण डोलणं सोसता येतं. सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो, त्याने माणसांचे मणके आणि बोटीचे जोड दोन्ही खिळखिळे होतात.

फोडफोबिया

तळाला पाण्याखालच्या भागात फोड दिसले की तिथूनच परत फिरायचं. ऑस्मोसिस म्हणजे फायबरचा कॅन्सर. यापुढे चर्चाच नको.

पान्हा_नंबर_12

@फोडफोबिया, हे अतिशयोक्त आहे आणि यापायी चांगल्या बोटी नाकारल्या जातात. जेलकोटमधून, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाण्याची वाफ अगदी हळू आत झिरपते, पॉलिएस्टर रेझिनमधल्या विरघळणाऱ्या घटकांशी मिळते आणि तिथे आम्लधर्मी द्राव साचतो. फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. लहान विखुरलेले फोड बहुतांशी वरवरचे असतात. घासून, धुऊन, महिनोन्महिने नीट वाळवून वर इपॉक्सीचा थर दिला की काम भागतं. फोड थरांच्या आत खोल गेले असतील, तळहाताएवढे असतील, तर गोष्ट वेगळी. ओला डेक आणि सुटलेले स्ट्रिंगर हे फोडांपेक्षा कितीतरी गंभीर, आणि त्यांच्याकडे कुणी वाकून बघत नाही.

आता इंजिनाबद्दल, कारण माझं काम तेच आहे. मी सुकाणू_घट्ट यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. 'चालू इंजिन' म्हणजे 'चांगलं इंजिन' नव्हे. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. कव्हरला हात लावून बघा. तुम्ही येण्याआधी तापवून ठेवलं असेल तर थंड स्टार्टची अडचण लपवायची आहे असं समजा. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. आकडे एकमेकांच्या 10-15 टक्क्यांच्या आत हवेत. एखादाच सिलिंडर खाली असेल तर ते इंजिन नको. गिअरकेसचा खालचा स्क्रू सैल करा. तेल दुधाळ आलं तर सीलमधून पाणी आत शिरतंय.

किती तास चाललंय यावर लोक फार भर देतात. नियमित चाललेलं, वापरानंतर गोड्या पाण्याने धुतलेलं 1000 तासांचं इंजिन मी घेईन. दहा वर्षांत 150 तास चाललेलं आणि उरलेला काळ खारं पाणी पोटात घेऊन उभं राहिलेलं घेणार नाही. झिंकचे ॲनोड (इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बघा: अर्धे झिजलेले असतील तर त्यांनी काम केलंय, पूर्ण संपलेले असतील तर आता धातू झिजतोय. ॲनोडवर रंग मारलेला दिसला तर मालकाला त्याचा उपयोगच माहीत नव्हता.

उद्या तिसरी बोट समोर आली आणि तिला स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा ट्रान्समबाहेर) असेल तर खाऱ्या पाण्यात कायमची ठेवण्यासाठी ती घेऊच नका. त्याचा रबरी बेलो, म्हणजे ट्रान्सममधलं भोक झाकणारी घडीची नळी, पाण्याखाली असतो. तो चिरला की बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडू शकते.

निळी_रेघ

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. प्रश्न 20-30 मैलांचा आहे, आणि 'पाणी भरलं तर काय' हे अजून कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत 20 फुटांखालच्या बोटींना पाणी भरलं तरी तरंगत राहण्याइतका फोम सक्तीचा आहे. 25 फुटांच्या बोटीला तशी सक्ती नाही. बॉस्टन व्हेलर या बोट कंपनीने 1961 मध्ये आपली बोट करवतीने मधोमध कापून अर्धा भाग चालवून दाखवला होता, तो या फोमच्या जोरावर. (तिचा मूळ तळही हंटचाच, आणि तो मुळीच खोल व्ही नव्हता, हे खारा_वारा यांच्यासाठी.) पण जुन्या बोटीतला फोम पाणी पिऊन बसलेला असू शकतो. बोट उगाच मागे झुकलेली, पाण्याची रेघ रंगाच्या रेघेच्या वर, असं दिसलं तर बोट क्रेनने उचलून वजन करून घ्या. कागदावरच्या वजनापेक्षा शेकडो किलो जास्त भरलं तर उत्तर मिळालं.

युरोपात जून 1998 पासून बोटीवर श्रेणीची पाटी असते. बी म्हणजे बोफोर्ट मापनावर 8 फोर्स वारा आणि 4 मीटर लाटांपर्यंत, सी म्हणजे 6 फोर्स आणि 2 मीटर. दुसऱ्या बोटीवर अशी पाटी असेल तर आधी ती वाचा. सी लिहिलं असेल तर इंजिन कितीही नवं असो, एवढ्या आत जायला ती नाही. पहिलीवर अशी पाटी असणारच नाही, तिच्याबाबत डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जातं का आणि ट्रान्समची भिंत पुरेशी उंच आहे का हे स्वतः तपासा. इंजिनासाठी खोल खाच असलेला ट्रान्सम मागून येणाऱ्या लाटेला दार उघडून देतो.

बोटीबरोबर ईपर्ब (संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र) मिळत असेल तर खूश होण्याआधी बॅटरीची तारीख बघा आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करा. 406 मेगाहर्ट्झचाच हवा. फक्त 121.5 वाले उपग्रहांनी 1 फेब्रुवारी 2009 पासून ऐकणं बंद केलंय.

सुकाणू_घट्ट

@निळी_रेघ, बी-सीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. दुसरी बोट सी निघाली तर मी माझी शिफारस मागे घेतो.

पण पहिल्या बोटीबद्दल अजून एक राहिलंच: इंधनाची टाकी. त्या काळी ॲल्युमिनियमची टाकी डेकखाली ठेवून भोवती फोम ओतून टाकत. फोम खारं पाणी धरून ठेवतो आणि टाकी बाहेरून खड्डे पडत झिजते. ती बदलायला डेक कापावा लागतो. फायबरची टाकी असेल आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल, तर जुनं रेझिन विरघळून इंजिनात जाण्याचा धोका. म्हणजे नवं इंजिन, नवा ट्रान्सम, नवी टाकी. जुन्या बोटीतलं उरलं काय?

खारा_वारा

उरला तो तळ, आणि मी त्याच्याचसाठी पैसे देतोय. टाकी बदलायची आहे हे धरूनच पहिल्या बोटीचा भाव करायचा. विकणाऱ्यालाही इंजिन मेलेलं आहे हे माहीत आहे, त्यामुळे भाव पाडायला जागा आहे. चालू इंजिनवाल्या बोटीत तुम्ही इंजिनाची पूर्ण किंमत मोजता आणि त्याचं उरलेलं आयुष्य अंदाजाने घेता.

गळकरी

दोन इंजिनांच्या बोटीचा विचार मित्राने केलाय का? एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं.

पान्हा_नंबर_12

येता येतं, पण बहुतेक बोटी एका इंजिनावर पाण्यावर उचलल्या जात नाहीत, रखडत यावं लागतं. आणि दोघांना एकाच टाकीतून इंधन जात असेल आणि त्या टाकीत पाणी असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडतात. त्यापेक्षा वेगळ्या टाकीवर चालणारं लहान इंजिन बाजूला लावा. इंधन तीन भागांत मोजा: एक जायला, एक यायला, एक राखीव.

खारा_वारा, तुमच्या मित्राला एवढं सांगा की बोट तपासणारा सर्व्हेअर स्वतः नेमायचा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही, आणि बोट पाण्याबाहेर काढून तपासायची. चालवून बघायची ती टाकी भरून, नेहमी जितकी माणसं जाणार तितकी घेऊन. पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचतं का ते बघायचं. पहिली बोट अशी चालवताच येणार नसेल, तर तिचा तळ लाटेत कसा चालतो हे तो कशावरून ठरवणार? तिच्याच आकाराची दुसऱ्या कुणाची चालती बोट मिळवा आणि वारा असलेल्या दिवशी बाहेर काढा.

खारा_वारा

तशी एक आहे ओळखीत. पुढच्या आठवड्यात वारा बघून जातो. दुसऱ्या बोटीच्या पाटीवर बी आहे की सी, तेही तोवर कळेल.