गुरूची वलये : ‘पातळ’, ‘अंधुक’ की ‘विरळ’?

प्रश्न : गुरूच्या वलयांसाठी हे तिन्ही शब्द आलटूनपालटून वापरलेले दिसतात. नेमका कोणता घ्यावा? आणि ‘गॉसमर रिंग’ला (गुरूच्या बाहेरच्या दोन अतिविरळ वलयांना) मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १ : ‘पातळ’ आधी बाद करा. त्यावरून वाचक जाडी कमी असं धरून चालतो. शनीची मुख्य वलयं जाडीला जेमतेम दहा-वीस मीटर, तरी त्यातलं बी वलय जवळपास अपारदर्शक. उलट गुरूच्या थीबी उपग्रहाचं वलय सुमारे ८,४०० किलोमीटर जाड! सूक्ष्म उल्का आदळून थीबीवरची धूळ उडते आणि गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने सहज निसटते. थीबीची कक्षा अंशभर कललेली. धूळही तोच कल घेऊन फिरते. उपग्रह जितका वर-खाली जातो, तितकी वलयाची जाडी. अमाल्थिया या गुरूच्याच दुसऱ्या उपग्रहाचा कल कमी, म्हणून तिचं वलय २,३०० किलोमीटरच्या आसपास.

प्रतिसाद २ : ‘विरळ’ हा वलयाचा गुण, ‘अंधुक’ हे बघणारा कुठे आहे त्यावर. गुरूचं मुख्य वलय सरळ आरपार जाणाऱ्या प्रकाशाचे दहा लाखांत पाच-सहा भागच अडवतं, म्हणून ते विरळ. पण मायक्रोमीटरभर कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात. त्यामुळे सूर्याकडे पाठ करून पाहिलं तर ते अंधुक, आणि नोव्हेंबर १९९६मध्ये गॅलिलिओ यानाने गुरूच्या सावलीतून, म्हणजे सूर्याच्या दिशेने, पाहिलं तेव्हा चांगलं उजळ. युरेनसचं एप्सिलॉन वलय दाट आहे, पण कण कोळशासारखे काळे. ते अंधुक म्हणा, विरळ म्हणू नका.

प्रतिसाद ३ : अशा बारीक कणांच्या वलयांना ‘धूलिवलय’ म्हणतात. मग शनीच्या ई वलयाला ‘धूलिवलय’ कसं म्हणायचं? ते तर शनीच्या एन्सेलाडस उपग्रहावरच्या फवाऱ्यांतल्या बर्फाचं.

प्रतिसाद २ : खगोलशास्त्रात धूळ ठरते ती आकारावरून, पदार्थावरून नाही. तरी सामान्य वाचकासाठी पहिल्या उल्लेखात ‘बर्फाच्या धुळीचं वलय’ लिहा, पुढे ‘धूलिवलय’ चालेल.

प्रतिसाद १ : ‘गॉसमर’साठी ‘झिरझिरीत’ घ्या, आरपार दिसणं त्यात बरोबर येतं. मात्र तो शब्द बाहेरच्या दोन वलयांपुरताच ठेवा, मुख्य वलयाला लावू नका. आणि शक्य तिथे सरळ नावच द्या : अमाल्थिया वलय, थीबी वलय.