मदत हवी आहे: विद्यार्थी मंडळात ‘पर्यावरण प्रमुख’ पद काढलंय, एकही अर्ज नाही

खडीसाखर: सांस्कृतिक आणि क्रीडा प्रमुख व्हायला रांग आहे, या पदाकडे मात्र दोन आठवड्यांत कुणी फिरकलं नाही. गॅदरिंग दोन महिन्यांवर, जेवणाची ८०० पानं. नोटीस कशी लिहावी, कामं काय द्यावीत? (वृक्षारोपण सोडून सुचवा.)

लिंबोणी: नोटिशीत ‘जनजागृती करणे’ लिहिलंय ना? मुलं बरोबर ओळखतात: पोस्टर चिकटवायची आणि शेवटी पत्रावळी उचलायच्या. कचरा किती होणार हे ऑर्डर देतानाच ठरतं. म्हणून एक ओळ घाला: मांडव, केटरर, छपाई, सजावट यांच्या कोटेशनवर खजिनदाराशेजारी पर्यावरण प्रमुखाची सही झाल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही.

थर्माकोलची सजावट, प्लॅस्टिकच्या डिश-चमचे-ग्लास, १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. कोटेशनमध्ये नुसतं ‘डिस्पोजेबल’ असेल तर सही करू नका, वस्तूचं नाव लिहून घ्या.

वजनकाटा: पाण्याच्या छोट्या बाटल्या आधी काढून टाका. माणशी अर्धा लिटर म्हणजे ४०० लिटर, २० लिटरचे २० जार. ऊन असेल तर ३० सांगा, न उघडलेले परत घेण्याच्या बोलीवर. कागदी कप नकोत. आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते कुजत नाही आणि रद्दीवालाही सहसा हात लावत नाही. स्टीलची ४०० ताटं घेऊन दोन पंगती करा. धुणाऱ्यांची मजुरी कोटेशनमध्येच हवी, नाहीतर केटरर ऐनवेळी डिस्पोजेबल काढतो.

डबे ओला-सुका जोडीनेच ठेवा. एकटा डबा दिसला की त्यात सगळंच पडतं.

खडीसाखर: कॅम्पसवर ३ बाय ३ फुटांचा खतखड्डा आहे. उष्टं सगळं त्यातच टाकू?

वजनकाटा: अजिबात नको. माणशी ५० ते १०० ग्रॅम उष्टं धरलं तर ४० ते ८० किलो होतं. तेलकट भात-भाजी एकदम ओतली की हवा कोंडते, दोन दिवसांत आंबूस वास आणि पुढे अळ्या. मग खड्डा बुजवायचा हुकूम येतो. खड्ड्यात १५-२० किलोच घ्या, तेही निथळून. एक बादली उष्ट्याला दोन-तीन बादल्या वाळका पाला, थरावर थर, तिसऱ्या दिवशी फावड्याने खालीवर. बाकीचं नगरपालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत. त्यांना निदान तीन कामाचे दिवस आधी कळवा.

लिंबोणी: पद जोडीला द्या. प्रमुख द्वितीय वर्षाचा, सहप्रमुख प्रथम वर्षाचा. तृतीय वर्षाचा घेतलात तर तो पास होऊन जातो आणि दर, वजनं, फोन नंबर लिहिलेली वहीही जाते. कोटेशन वाचायला कॉमर्सची मुलं उत्तम, त्यांना समोरासमोर विचारा. नोटीस बोर्डावर भिस्त नको. एनएसएसच्या वार्षिक १२० तासांत हे काम धरता येईल का, तेही कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.

खडीसाखर: नोटीस बदलतेय. पण सहीवरून सांस्कृतिकवाल्यांशी वाजलं तर?

लिंबोणी: वाजणारच! सहीला मुदत घाला. कोटेशन हातात पडल्यापासून दोन दिवसांत कारण लिहून नकार दिला नाही, तर सही झाली असं धरायचं. काम अडवल्याचा ठपका बसला की पुढच्या वर्षी पदच गुंडाळतात.