तक्रार केली की शहराचं नाव जातं?

रामबागकर
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "इंदूर २०१७ पासून सलग आठ वेळा स्वच्छतेत पहिलं आलं, आणि आपलेच लोक उठसूट मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर तक्रारी ठोकून शहराचं नाव घालवतात." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

२०२३ ची रामनवमी आठवा. बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवरचा, म्हणजे जुन्या विहिरीवरचा, स्लॅब खचला, ३६ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांनी त्या बांधकामाबद्दल आधीच तक्रार केली होती, निगमाची, म्हणजे महापालिकेची, नोटीसही निघाली होती. पुढे काही झालं नाही. ते रहिवासी शहराचं नाव घालवत होते का?

आता आमच्या गल्लीचं सांगतो. मागच्या पावसाळ्यात नळाला पिवळट, वासाचं पाणी यायला लागलं. समोरच्या काकू नळ आला की काचेची बाटली भरायच्या, चिकटपट्टीवर तारीख लिहायच्या आणि ओट्यावर ओळीनं मांडायच्या. मी १८१ लावला. चौथ्या दिवशी फोन आला, "सर, समाधान हो गया है, शिकायत बंद करवा दीजिए." कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं! मी नाही म्हटलं. मग रोज फोन, कधी विनवणी, कधी दमदाटी. शेवटी २२ घरांच्या सह्या घेतल्या आणि काकूंच्या बाटल्या पिशवीत घालून मंगळवारी अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात त्या जनसुनावणीला गेलो. अकरा बाटल्या टेबलावर ठेवल्या. दोन दिवसांनी उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर, स्वतः गल्लीत आले, खोदलं, तर ड्रेनेजचा पाइप फुटून नर्मदेच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या, लाइनीवर गळत होता.

लोकमान्यनगर जुना
ते गृहस्थ मीच. बाटल्यांचं चांगलं केलंत, पण सगळ्या तक्रारी अशा नसतात. माझा भाचा निगमाच्या झोन ऑफिसात ठेक्यावर आहे. आमच्या मागच्या गल्लीत दोन भावांचं भांडण आहे, एकानं दुसऱ्याच्या आंब्याच्या फांदीवरून १८१ वर चौदा तक्रारी केल्यात. प्रत्येकीचं उत्तर त्या पोरानं लिहायचं, नाहीतर पगार कापतात. तक्रार एल-वनवरून एल-टूला, म्हणजे एक पायरी वरच्या अधिकाऱ्याकडे, गेली की वरचा साहेब खालच्यावर ओरडतो, आणि सगळ्यात खाली तो उभा असतो. आमच्या वेळी पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, ओट्यावर जाऊन चहा घेत काम सांगायचो, होऊन जायचं.

वैशालीनगर ताई
काका, तुमची ओळख होती म्हणून होऊन जायचं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या वस्तीत पार्षद मत मागायला येतो तेवढाच. भागीरथपुऱ्यात २०२५ च्या डिसेंबरात घाण पाण्यानं लोक गेले, ते आधीपासून ओरडतच होते ना? त्यांनी कुणाच्या ओट्यावर चहा घ्यायचा?

आणि आपल्या मराठी लोकांचं एकदा बोलूच. पुण्याहून नाटक आलं की सभागृह भरतं. मी वॉर्डातल्या पाण्यासाठी बैठक बोलावली तर सात जण, त्यातले दोन माझ्या घरचे.

मल्हारगंज आजोबा
नाटकाला कशाला मध्ये ओढता? कोरोनात डबे कुणी पोचवले? आमच्या गणपती मंडळाच्या पोरांनीच. माणसं जमतात ती सणानं जमतात, अर्जानं नाही. १९७० साली नर्मदा इंदूरला आणा म्हणून अख्खं शहर रस्त्यावर होतं. मी विद्यार्थी होतो, लाठी खाल्ली. १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी आलं.

वैशालीनगर ताई
आजोबा, मंडळाला नावं ठेवत नाहीये. तीच पोरं वर्गणीला दारोदार फिरतात, तर सह्यांचा एक कागद घेऊन का फिरत नाहीत, एवढंच विचारतेय. मंडपासाठी रस्ता खोदतात, तो बुजवत पण नाहीत.

मल्हारगंज आजोबा
आम्ही बुजवतो! येऊन बघा. ऐकीव बोलू नका.

सध्या पुण्यात
माझं बालपण सुदामानगरात गेलं. इंदूरकर फार सोसतात. इकडे सोसायटीवाले लगेच कोर्टात जातात.

लोकमान्यनगर जुना
तुमचं मतदान कुठं आहे? दिवाळीला चार दिवस येऊन पोहे खाता आणि आम्हाला शिकवता. कोर्टाची फी तुम्ही देऊन राहिलेत का?

सध्या पुण्यात
आई-वडील अजून तिथेच राहतात, काका. त्यांच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मलाही काळजी आहे.

वैशालीनगर ताई
मंडपाचं राहू द्या, आजोबा. तुमच्या गल्लीचं मला माहीत नव्हतं, आमच्या गल्लीतला खड्डा मात्र दिवाळीपर्यंत तसाच होता, त्यात माझी सासू पडली. तीन महिने अंथरुणावर होती. म्हणून जीभ जाते तिकडे.

मल्हारगंज आजोबा
हे आधी सांगायचं ना, बाळा. मंडळाच्या बैठकीत खड्ड्याचा विषय मी काढतो. सह्यांचंही बोलतो, पण पोरं ऐकतीलच असं नाही.

रामबागकर
काका, भाच्याचं पटलं. आमच्याही गल्लीत एकानं जिन्याच्या वादात निगमाला गुंतवलं होतं. त्याच्यासारख्यांमुळे खरी तक्रारसुद्धा खोटी वाटते. पण भाच्याच्या पगाराचा राग तक्रार करणाऱ्यावर का? न तपासता पगार कापणाऱ्याला विचारा. आणि काम न होताच तक्रार 'फोर्स क्लोज' झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज द्या, १० रुपये लागतात. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "ही तक्रार कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेच्या पाहणीवरून बंद केली, पाहणी अहवालाची प्रत द्या" एवढंच मागा. का, कशासाठी असलं काही विचारू नका, त्यावर टोलवतात.

लोकमान्यनगर जुना
'नाव घालवतात' हे मागे घेतो. बाकीचं नाही. पार्षदाला आधी सांगावं हेच माझं मत. आमच्या कोपऱ्यावरचा दिवा दोन महिने बंद आहे, तीनदा सांगितलं, "हो हो काका" म्हणतो. त्या सह्यांच्या कागदावर काय मजकूर होता तो इथे टाका.

रामबागकर
टाकतो. नावापुढे घर नंबर लिहून घ्या, आमचा पहिला कागद त्यावरूनच परत आला होता. आणि आवक नंबराचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.