रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्या नेमकी कशामुळे घटली?

सड्यावरची
भूगोलाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकसंख्येचा अभ्यास करीत आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्गातही ती ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. चाकरमानी मुंबईला जातात, हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ते तर गिरण्या सुरू झाल्यापासून जात आहेत. मग घट याच दशकात का दिसावी? मोजणी शिमग्याच्या आसपास होते आणि त्या गर्दीमुळे आकडे बिघडतात, असेही आमच्या वाडीतील एका गुरुजींचे म्हणणे आहे. ते कितपत ग्राह्य धरावे?

लाल माती
गुरुजींची शंका आधी दूर करतो. दोन्ही जनगणनांची संदर्भ-तारीख १ मार्च होती आणि दोन्ही वर्षी होळी त्यानंतर आली, २००१ मध्ये ९ मार्चला आणि २०११ मध्ये १९ मार्चला. शिमग्याला गावी आलेली माणसे दोन्ही वेळा हिशेबात नव्हती, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण एकूण आकडा पाहिलात, तो स्त्री-पुरुष असा फोडून पाहावा. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे २००१ मध्ये १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,१२२ राहिल्या. म्हणजे सुमारे ८२ हजारांच्या घटीत पुरुष साधारण ३३ हजार आहेत आणि स्त्रिया साधारण ४८ हजार. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. पूर्वी एकटा पुरुष मुंबईला जाई आणि बायको, मुले, म्हातारी माणसे गावी राहत. त्यामुळे माणसे जात असूनही गावात जन्म होत आणि लोकसंख्या वाढत राही. आता बिऱ्हाडच्या बिऱ्हाड उठते, आणि त्याबरोबर गावात जन्मली असती ती मुलेही शहरातच जन्मतात. स्त्रियांच्या घटीचा काही भाग वृद्ध पिढीच्या मृत्यूंचाही असणार. तो वेगळा काढण्यासाठी वयोगटांचे तक्ते जरूर पाहावेत.

एक सावधगिरीची सूचना. हजारावर असलेले हे प्रमाण मुलींच्या सन्मानाचा पुरावा म्हणून अनेकदा सांगितले जाते, तसे कृपया लिहू नये. शून्य ते सहा वयोगटात याच जिल्ह्यात मुली मुलांपेक्षा कमी आहेत. मोठ्या वयात दिसणारी स्त्रियांची संख्या ही गावात नसलेल्या पुरुषांची खूण आहे.

चाळकरी
वरील प्रतिसादात जे आकड्यांत मांडले आहे, ते आमच्या घरात तीन पिढ्यांत घडले. आजोबा गिरणगावात एका गाळ्यात वीसेक गाववाल्यांबरोबर राहत. पाळीप्रमाणे एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा होई. आजी गावी नांगरणीपासून झोडणीपर्यंत सगळे पाही. मनीऑर्डरच्या तळाशी मजकुरासाठी जी जागा असे, तेवढ्यात त्यांचा संसार चाले. त्या चिठ्ठ्या आजीने डब्यात जपून ठेवल्या होत्या, आणि बऱ्याचशा चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता : लावणी झाली का?

१९८२ च्या संपानंतर आजोबा गावी परतले ते कायमचे. वडिलांनी मात्र नालासोपाऱ्यात खोली घेतली आणि लग्नानंतर आईला लगेच तेथे आणले, कारण गाळ्यात कुटुंब राहू शकत नव्हते, खोलीत राहू शकत होते. आजी गेल्यावर घराला कुलूप लागले. गणपतीच्या आठ दिवस आधी शेजारच्या काकू ते उघडून झाडून ठेवतात. खाचरात आता रान वाढले आहे.

लाल माती
चाळकरी, आपला अनुभव आकड्यांशी तंतोतंत जुळतो. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेली. विरार, डोंबिवली, दिवा येथे जी परवडणारी घरे उभी राहिली, त्यांनी एकट्या पुरुषाच्या स्थलांतराचे कुटुंबाच्या स्थलांतरात रूपांतर केले. कोकणातील घट अभ्यासताना ठाण्याची वाढ शेजारी मांडावीच लागेल.

आमराई
एक भर घालतो. कोकण ओस पडले, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे आंब्याच्या बागांची राखण आणि फवारणी नेपाळी कामगार करतात, मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणूनही तेच आहेत, आणि चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे राबतात. आमच्या बागेतला राखणदार नऊ वर्षांपासून येथे आहे. त्याची मुलगी वाडीच्या शाळेत मराठीत शिकते आणि त्या वर्गात तिच्यासह सहाच मुले आहेत. गेलेल्यांची मोजणी करताना आलेल्यांनाही स्वतंत्र रकाना द्यावा.

सड्यावरची
सर्वांचे मनापासून आभार. एकूण आकड्यावरच मी अडून बसले होते. आता मागील निवासस्थान आणि स्थलांतराचे कारण यांचे जनगणनेतील तक्ते काढते. आमच्या वाडीतील घरांची यादीही करते : बारमाही उघडे, केवळ सणाला उघडणारे, आणि जेथे आता वेगळेच कुटुंब राहते ते.