मदत हवी आहे: वजन तेच, पण कपडे होत नाहीत. कपाटातलं काय ठेवू, काय काढू?

नमस्कार. वय ४९. वजनकाट्यावर फारसा फरक नाही, तरी जुने कपडे अंगाला बसेनासे झालेत. पँट मांड्यांत सैल आणि पोटावर बटण लागत नाही. कुर्ते खांद्यात बरोबर, छातीवर मात्र ताणलेले, आणि बसलं की पोटावर आडव्या चुण्या. पाळी मागेपुढे व्हायला लागल्यापासून हे जास्तच जाणवतंय. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की इस्ट्रोजेन कमी होतं तशी चरबी मांड्या-नितंबांपेक्षा पोटाकडे साठू लागते, वयाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून वजन न वाढताही आकार बदलतो. कारण कळल्यावर जीव शांत झाला. कपाट मात्र अजून गच्चच आहे, आणि रोज हात जातो तो त्याच चार कपड्यांना.

मैत्रिणी म्हणतात, होत नाही ते सरळ देऊन टाक. मला ते पटत नाही, कारण हा बदल अजून चालूच आहे. आज मापाचं घेतलेलं वर्षभराने होईल याचा भरवसा काय? शिवाय काही कपड्यांत खरंच जीव अडकलाय. एक गडद हिरवा सुती कुर्ता आहे, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. काखेखाली शिवण इतकी ओढली गेलीय की टाक्यांमधून उजेड दिसतो. तो उसवून मोठा करता येईल का? आणि एकूणच, कोणता कपडा दुरुस्त करण्यासारखा आहे आणि कोणता नाही, हे कशावरून ओळखायचं?

अंगातून अचानक वाफा येतात, घाम फुटतो, त्याचाही विचार करायचाय. वजन कमी करण्याचे उपाय कृपया नकोत, त्यासाठी डॉक्टर आहेत.

सुईदोरा:
ताई, मी कपडे दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी खांदे बघा. खांद्यात आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, बसतं ते वाचवता येतं. तिथेच अडतंय तर सोडून द्या, कारण ते दुरुस्त करायचं म्हणजे अख्खा कपडा उसवून पुन्हा शिवणं.

मग कपडा उलटा करून शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, बघा. बाजूच्या शिवणीतली एक-एक सेंटीमीटर सोडता आली तरी घेर चार सेंटीमीटरने वाढतो, कारण दोन्ही बाजूंना पुढचा आणि मागचा असे दोन-दोन पदर असतात. तयार कपड्यांत बहुतेक वेळा ओव्हरलॉक करून जादा कापड कापूनच टाकलेलं असतं, तिथे काही निघत नाही. रेशमी कपड्यावर जुन्या टाक्यांची भोकं राहतात आणि दडलेल्या पट्टीचा रंग गडद दिसतो. ते आधी थोडंसं उसवून बघावं.

तुमच्या हिरव्या कुर्त्याला माया सोडून भागणार नाही. टाक्यांतून उजेड दिसतोय म्हणजे तिथले धागे सरकलेत. नुसती पुन्हा शिवण मारली तर शेजारून फाटेल. विरलेला भाग कापून दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत कळी, म्हणजे जोडकापडाची लांब पट्टी, घाला. छाती आणि पोट, दोन्हीकडे मोकळा होईल. पँटला कमरेत मागच्या बाजूने इलॅस्टिक घालून घ्या, म्हणजे पुढून दिसतही नाही.

निवांत५२:
कपाटाला हात लावण्याआधी ब्राचं माप नव्याने घ्या. या वयात स्तनांचा आकार आणि घट्टपणा बदलतो. चुकीच्या ब्रावर कपडे घालून बघितले तर चांगले कुर्तेही होत नाहीत असं वाटतं. आणि कमरेचं माप उभं राहून आणि बसून, दोन्ही घ्या. बसल्यावर ते वाढतं, आणि दिवसाचा बराच वेळ आपण बसलेलोच असतो. कमरेत काचणाऱ्या कपड्यांनी छातीत जळजळही वाढते, तेव्हा ते आधी बाहेर काढा.

वाफांसाठी बंद गळ्याचे आणि पॉलिएस्टरचे कपडे मी काढून टाकले. आता पातळ सुती कपडा आत आणि पुढून उघडणारं काहीतरी वर. चारचौघांत पटकन काढता येतं.

रेघ:
'कधीतरी होईल' वाल्या ढिगाबद्दल माझं मत मैत्रिणींपेक्षा वेगळं आहे. ठेवा, पण रोजच्या कपाटात नको. सकाळी दार उघडल्यावर जे दिसतं ते आजच्या अंगाला होणारंच असावं. फक्त ताणाचे कपडे त्या ढिगात घालू नका, त्यातलं लायक्रा नुसतं पडून राहूनही हळूहळू सैल पडतं. आणि बदल चालू आहे म्हणताय, तर नवीन थोडंच घ्या, दोऱ्याने बांधता येणारं किंवा इलॅस्टिकचं.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. ब्राचं माप आधी घ्यायचं, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. सुईदोरा, एक विचारते: हिरव्या कुर्त्याचं तसलं कापड आता मिळणार नाही. कळी वेगळ्या रंगाची चालेल?

सुईदोरा:
चालेल. दोन्ही बाजूंना सारखी घाला आणि बाह्यांच्या टोकाला त्याच कापडाची पट्टी लावा, म्हणजे मुद्दाम केलेलं वाटेल. कापड मात्र सुतीच घ्या आणि शिवायच्या आधी धुऊन घ्या. तुमचा कुर्ता आटायचा तेवढा आटलाय, नवीन कळी नंतर आटली तर बाजू वर ओढल्या जातील.