टूथब्रशवर गाणं काढलं तर ते पंक राहतं का बे?

गड्ड्यातला_गिटारवाला
काल सोलापुरात सात रस्त्याला चहा पिताना विषय निघाला, भांडण अर्धवट राहिलं, म्हणून इथं टाकतोय. पंक, म्हणजे बंडखोर रॉक, वाजवणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रीन डे बँडच्या 'डूकी' अल्बमला 2024 ला 30 वर्षं झाली तर त्यांनी काय केलं, 15 गाणी 15 येडपट वस्तूंवर काढली. एक टूथब्रशवर, एक फ्लॉपीवर, एक गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये, आणि एक त्या भिंतीवर टांगायच्या माशात, जो तोंड हलवून गातो. आवाज मुद्दाम खराब केलेला, नाव काय तर 'डीमास्टर्ड', म्हणजे आवाज सुधारलेल्या 'रीमास्टर्ड'च्या उलटं. नग मोजकेच, बातम्या जगभर. यात पंक कुठंय? ही तर मुंजीतली रिटर्न गिफ्ट झाली. याच पोरांना बर्कलेच्या गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबनं दार बंद केलं होतं, कारण रिप्राइज नावाच्या मोठ्या लेबलकडं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडं, गेले, आणि मोठ्या लेबलचा बँड तिथं वाजवत नाही हा नियमच होता. क्लबवाले बरोबर होते.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा
काय बोलायलास बे, पंक म्हणजे काय सोवळं हाय का? इंग्लंडचा पंक बँड सेक्स पिस्टल्स बघ की. मार्च 1977, बकिंगहॅम पॅलेसच्या बाहेर टेबल टाकून ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीच्या करारावर सह्या केल्या, फोटोवाल्यांना बोलावून, आणि हप्त्याभरात कंपनीनं हाकललं. जूनमध्ये राणीची जुबिली चालू असताना थेम्स नदीत बोट भाड्यानं घेऊन त्यावर वाजवलं, पोलीस आले, धरपकड झाली. ऑक्टोबरात अल्बम आला तवा अख्ख्या इंग्लंडला नाव पाठ. वर अजून नॉटिंगहॅमच्या एका दुकानदारावर केस, काचेत अल्बमचं कव्हर लावलं आणि त्यावर अचकट शब्द हाय म्हणून. बचावात इंग्रजीचा प्रोफेसर उभा केला, तो सांगतोय हा शब्द किती जुना हाय ते. केस सुटली. आता सांग, हे प्रमोशन नाही तर काय सत्यनारायण होता?

गड्ड्यातला_गिटारवाला
अरे पण त्यात अंगावर काहीतरी येत होतं ना, पोलीस येत होते, मार बसत होता. टूथब्रश काढून कुणाचं काय बिघडलं?

शेंगाचटणी_एक्स्ट्रा
प्रत्येक बँडनं मार खाल्लाच पाहिजे असं कुठं लिहिलंय.

जुळ्यातला_बेसवाला
दोघं पण चुकताय. प्रमोशन केलं का नाही हा सवालच नाही, ऐकणाऱ्याच्या खिशातून किती काढलं हे बघा. लंडनच्या क्लॅश बँडनी 1979 ला दोन रेकॉर्डचा अल्बम काढला आणि कंपनीशी भांडून जवळपास एकाच्या भावात विकायला लावला. पुढच्या वर्षी तर तीन रेकॉर्डचा, तोही स्वस्तात, त्यासाठी स्वतःच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. आणि वॉशिंग्टनचा फुगाझी बँड, तिकीट साधारण 5 डॉलर, टीशर्ट विकायचेच नाहीत. लोकं तरी पण यायचे, एकमेकांना सांगून. मोजके नग काढून हाव लावायची हा पंकचा धंदाच नव्हे, इथं मी गिटारवाल्याच्या बाजूनं.

पूर्वभाग_खटखट
तुमचं लंडन-अमेरिका झालं असेल तर जरा आमचं ऐका. आम्ही चौघांनी मागच्या मे महिन्यात चार गाण्यांचा डेमो केला, पूर्व भागात, खाली यंत्रमाग आणि वर आमची खोली. स्टुडिओचं भाडं परवडत नाही म्हणून भिंतींना खिळे मारून चादरी टांगल्या, घरातल्याच, बारा. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. ड्रमवाल्याच्या कोपरावरनं घाम गळून स्नेअरवर टप टप, ते पण रेकॉर्ड झालं. आणि एवढं करून बी तिसऱ्या गाण्यात खालच्या मागाची खटखट येतेच, ऑफबीटला, म्हणजे तालाच्या मधेच. काढता आली नाही, तशीच ठेवली, लोकांना तेच गाणं आवडतंय. मग प्रमोशन. झेरॉक्स काढून पन्नास पोस्टर, रात्री खळ घेऊन पार्क चौकापासून नवी पेठेपर्यंत चिकटवले. सकाळी बघतो तर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बरोब्बर आमच्या सगळ्यात भारी पोस्टरवर. शुभेच्छुक चाळीस, आमचे ऐकणारे त्यापेक्षा कमी. म्हणून सांगतो गिटारवाले, प्रमोशन नको म्हणणं हे ज्याला ऐकणारे आयते मिळालेत त्यालाच परवडतं. टूथब्रश काय, मी तर इसबगोलच्या डब्यावर गाणं काढीन.

गड्ड्यातला_गिटारवाला
तुझं वेगळं हाय रे, तुला कोण ओळखत नाही. त्यांचा अल्बम अमेरिकेत एक कोटीच्या वर खपलाय, त्यांना कशाला पाहिजे हे?

शेंगाचटणी_एक्स्ट्रा
मजा म्हणून! मजा करायला कोण ना हरकत प्रमाणपत्र देतंय का? आणि 2015 ला त्याच गिलमनवर जाऊन वाजवून पण आले ते, हे नाही सांगितलंस.

गड्ड्यातला_गिटारवाला
माहीत हाय. त्यानं आधीचं पुसलं जात नाही.

पूर्वभाग_खटखट
अजून एक. त्या 15 मध्ये एक गाणं पियानोच्या कागदी रोलवर पण हाय, भोकं पाडलेला रोल, भोकाप्रमाणं पट्टी दाबली जाते आणि पियानो आपोआप वाजतो. त्याचा व्हिडिओ आजोबांना दाखवला, चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस, चष्मा वर करून म्हणतो, "हे जेकार्डचे, मागावर नक्षी विणायचे, पुठ्ठे हायत की, त्यात काय नवीन, भोक असलं की दोरा उचलतो."

जुळ्यातला_बेसवाला
मग काढा की तिसरं गाणं चादरीवर, खटखट आधीच हाय त्यात.

पूर्वभाग_खटखट
आजोबांना विचारलंय. क्यूआर कोड विणता येईल म्हणतात, पण पुठ्ठे पाडायचे पैसे आधी.