टॉवेल कारखान्याच्या सॉफ्टवेअरला किती दिवस धरायचे?

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेल कारखान्यासाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करायचंय. आम्ही दोघे डेव्हलपर. मालकांना परवापर्यंत आकडा हवाय. कसा काढावा?

उत्तर १: काम स्क्रीननिहाय फोडा आणि प्रत्येकाला तीन अंदाज लावा. उदा. चलान: सुरळीत झालं तर ४ दिवस, बहुधा ६, अडकलं तर १४. ‘बहुधा’च्या आकड्याला चौपट वजन देऊन सरासरी काढा: (४ + ४×६ + १४) ÷ ६ = ७ दिवस.

उत्तर २: सूत्र बरोबर, पण खरी मेख मोजमापात आहे. सूत किलोत येतं, टॉवेल डझनात जातो. वजन आणि नगांचा मेळ, वाया जाणारं सूत, रंगाईला बाहेर दिलेला माल, हे विचारल्याशिवाय स्टॉकचा आकडा देऊच नका. जुना डेटाही उघडून बघा. पार्ट्यांची (गिऱ्हाईक-व्यापाऱ्यांची) नावं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) नेताना जोडाक्षरं बिघडू शकतात. आधी शंभर नावं बदला, लागलेला वेळ मोजा, मग एकूण नावांचा हिशोब करा.

उत्तर ३: दिवसाला आठ तास कोड होत नाही, पाच-सहाच धरा. म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने ६० दिवसांचं काम दोघांत ३० दिवसांत नाही, ४० ते ४८ दिवसांत बसतं. कामगारांचं ट्रेनिंग वेगळं.

प्रश्नकर्ता: रंगाईचा माल धरलाच नव्हता. उद्याच कारखान्यात जाऊन विचारतो.